अ‍ॅप पहिल्या वर्षी झकास, दुसऱ्या वर्षी बंद? या चुका टाळा

पर्वरी, वेर्णा, फोंडा, म्हापसा, गोव्यात कुठेही गेलात तरी सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं भेटतात. कोणी बाहेरच्या कंपनीचं काम घरून करतं, कोणी गावच्या देवस्थानाला, शाळेला, भजनी मंडळाला छोटं अ‍ॅप करून देतं. हे दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण वापरणारा माणूस समोर बसलेला असतो. पण त्याच त्या चुका तिथे वारंवार दिसतात, आणि पुढच्या चवथीपर्यंत त्या अ‍ॅपला हात लावायला कोणी धजत नाही. मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपल्यानंतर हा कोड कोण उघडणार, याचा विचार लिहिताना झालेला नसतो.

हिशेब जुळत नाही

जत्रेतल्या देणगीच्या पावत्या घ्या. काउंटरवर दोघे जण दोन फोन घेऊन बसलेत. पुढचा पावती क्रमांक सर्व्हर देणार, अशी रचना. गर्दी वाढली की नेटवर्क बसतं, मग दोन्ही फोन आपल्याकडच्या शेवटच्या आकड्यात एक मिळवतात आणि ४१२ नंबरची पावती दोनदा फाटते. रात्री खजिनदार वही घेऊन बसतो तेव्हा ते उघडकीस येतं.

यावर नेहमीचा इलाज म्हणजे नेट आल्यावर एक नंबर बदलून टाकणं. तो करू नका. छापलेली पावती भाविकाच्या हातात केव्हाच गेलेली असते. प्रत्येक फोनला स्वतःची मालिका द्या: अ-४१२, ब-४१२. सर्व्हरला विचारायची गरजच उरत नाही. कागदी पावतीपुस्तकांत हेच होतं, प्रत्येक स्वयंसेवकाकडे वेगळं पुस्तक आणि वेगळे क्रमांक. म्हणून जुनी पद्धत मोडण्याआधी ती तशी का होती, हे कमिटीतल्या जुन्या माणसाला विचारा. डिझाइनचं अर्धं काम त्या तासाभरात होतं.

नाव आहे, पण शोधात येत नाही

‘कऱ्हाडे’ टाइप केलं, यादीत नाव डोळ्यांना दिसतंय, तरी शोध रिकामा. कारण ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, एकाच कोडबिंदूनेही (क्रमांकानेही) लिहिता येतो आणि ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. साठवताना आणि शोधताना मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणला की हे दोन एक होतात. पण काही कीबोर्ड तिसरीच वाट धरतात: र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक. तो एनएफसीनेही सुटत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. लांबी मोजतानाही जपा. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, युनिकोडला चार कोडबिंदू. नावाला वीस ‘अक्षरांची’ मर्यादा घातली तर मराठी नावं अधेमधे तुटतात.

गोव्यात यावर आणखी एक थर आहे. रोमन लिपीतल्या जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग असतं. नाईक हे आडनाव शेवटी ‘के’ लावूनही येतं आणि ‘क्यू-यू-ई’ लावूनही, आणि दोन्ही कागद एकाच घरातले असू शकतात. स्पेलिंग वेगळं म्हणजे माणूस वेगळा, असं धरून चालू नका. नाव ही ओळख मानू नका, स्वतंत्र क्रमांक द्या आणि पर्यायी स्पेलिंगसाठी जागा ठेवा.

उद्यासाठी आजच इमला

एका देवस्थानाचं काम हाती असताना शंभर देवस्थानांची सोय करत बसणं. दुसरं गिऱ्हाईक आलं की तेव्हा बघा. तेवढंच.

गिटहबवर टाकलं, म्हणजे ओपन सोर्स झालं?

नाही. ओपन सोर्स म्हणजे वापरायची, बदलायची उघड परवानगी दिलेला कोड. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर तो सगळ्यांना दिसतो म्हणून वापरायचा हक्क मिळत नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लायसन्स, म्हणजे वापराचा परवाना, नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, आणि जपून वागणारा माणूस तुमच्या रेपोला (कोडच्या साठ्याला) हातही लावत नाही. कोणीही काहीही करावं, फक्त कॉपीराइटची सूचना ठेवावी, असं वाटत असेल तर एमआयटी लायसन्स. सुधारलेली आवृत्ती वाटणाऱ्याने सोर्सही त्याच अटींवर द्यावा, असं वाटत असेल तर जीपीएल लायसन्स. पाच मिनिटांचं काम आहे, पहिल्या कमिटमध्येच, म्हणजे कोड पहिल्यांदा जमा करतानाच, करा.

छंद गुंडाळून ठेवणं

कामाचा रेटा वाढला की पहिली सुटते ती तालीम, नाहीतर गुरुवारचं भजन. यात नुकसान कामाचंच होतं असं माझं ठाम मत आहे. तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये नुसती सी, डी, ई अशी इंग्रजी नावं असतील तर गावातले बुवा ते बाजूला ठेवतात, त्यांना पेटीची ‘काळी चार’ पट्टी हवी असते. मंडळात पेटीपाशी बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मात्र उलट टोकही नको. प्रत्येक छंदाचं अ‍ॅप करायलाच हवं असं नाही. भजनात नुसतं भजन म्हणावं.

सगळं एकाच्या खांद्यावर

ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या, लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, फाइली आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये) चोरवाट सापडली. सांभाळणारा मुख्य माणूस एकटा आणि थकलेला, त्यात इंटरनेटवरची काही खाती त्याच्यावर सतत दबाव आणत होती. मदतीला आलेल्या एका नवख्याने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग घात केला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी माग काढला, म्हणून जग वाचलं.

ओपन सोर्स म्हणजे कोड बदलायची येईल ती विनंती मान्य करणं, हा समज आधी सोडा. एसक्यूलाईट ही डेटाबेसची लायब्ररी २००० सालापासून आहे, कोड सार्वजनिक मालकीचा, तरीही तिचे कर्ते बाहेरच्यांचा कोड सहसा घेत नाहीत. नम्रपणे ‘नाही’ म्हणणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे. पण नाही म्हणणारेही दोघं-तिघं असावेत. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात नायकाला ऐनवेळी बोटीवर जावं लागलं तरी प्रयोग होतो, कारण दुसऱ्या कोणाला तरी संवाद पाठ असतात. अ‍ॅपमागेही असा माणूस हवा.

डोमेन कोणाच्या नावावर, बॅकअप कुठे, पासवर्ड कोणाकडे, हे निदान दोघांना ठाऊक असू द्या. कोड काय करतो ते कोडच सांगतो. तो असा का आहे, हे रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, लिहा: ‘नेट नसतं म्हणून फोनगणिक मालिका’ एवढी ओळही पुरे. आणि वर्षातून एकदा, जत्रेच्या महिनाभर आधी, दुसऱ्या कोणाला तरी नव्या लॅपटॉपवर सगळं उभं करायला बसवा. तुम्ही शेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. तो जिथे अडेल, ती गोष्ट त्याच्याकडूनच त्याच दिवशी रीडमीत लिहून घ्या.