माऊस आपोआप हलायला लागला तर आधी नेटची वायर काढा

मार्च एंडिंगच्या गडबडीत सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातून फोन आला, "अरे, माऊस आपला आपणच फिरतोय, बँकेचं पेज उघडंय, काय करू?" मी म्हटलं आण्णा, कशालाही हात लावू नका, राउटरची वायर ओढा आधी. ओढली. पैसे वाचले, पण कॉम्प्युटर नीट करायला पुढं दोन दिवस गेले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण असे फोन आता वाढलेत आणि बरेच जण घाबरून नेमकं उलटं करून बसतात.

याला रिमोट ॲक्सेस ट्रोजन म्हणतात, शॉर्टमध्ये रॅट. लांब कुठंतरी बसलेल्या माणसाला तुमची स्क्रीन दिसते, तुम्ही टाईप केलेलं सगळं कळतं, फाईली उचलता येतात, कॅमेरा आणि माईकसुद्धा चालू करता येतो. हे काय नवीन नाही, बॅक ओरिफिस नावाचं असलं टूल 1998 सालचं आहे. लोक म्हणतात आमच्याकडं राउटर आहे, फायरवॉल आहे, बाहेरचा आत येईल कसा? तर तो बाहेरून येतच नाही. तुमच्याच कॉम्प्युटरात बसलेला प्रोग्राम आतून बाहेर फोन लावतो, आणि आतून बाहेर जाणारं कनेक्शन राउटर सहसा अडवत नाही.

मग तो आत बसतो कसा, तर आपणच डबल क्लिक करून बसवतो. आण्णांच्या मुनीमजींना जीएसटी नोटीस म्हणून मेल आला होता, सोबत झिप फाईल, तिला पासवर्ड, आणि तो पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. पासवर्ड का, तर कुलूप लावलेल्या झिपच्या आत ॲन्टीव्हायरसला बघता येत नाही. आत एक फाईल, आयकॉन पीडीएफचा, नाव नोटीस डॉट पीडीएफ. मी विंडोजमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे फाईल कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारं नावाचं शेपूट, दाखवायचं सेटिंग चालू केलं आणि त्याच नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई दिसायला लागलं, म्हणजे तो कागद नव्हता, चालणारा प्रोग्राम होता. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, मग भल्याभल्यांना कळत नाही, यात मुनीमजींची चूक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

दुसरा मोठा रस्ता म्हणजे क्रॅक सॉफ्टवेअर, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वापरायचं. डीटीपीवाले, फोटो स्टुडिओवाले, अकाउंटवाले, सगळीकडं हेच. क्रॅकसोबतच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की आधी ॲन्टीव्हायरस बंद करा, आणि आपण करतो! बाकी ब्राउझर अपडेट करा म्हणणारी खोटी पॉपअप आणि गावभर फिरणारा पेनड्राईव्ह, हे आहेच. फोनवर बँकेतून बोलतोय सांगून एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) टाकायला लावतात तो ट्रोजन नाही, पण परिणाम तोच, तेव्हा उपायही हेच.

आता संशय आला तर काय करायचं. पहिलं नेट तोडा, लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, मोबाईलचा हॉटस्पॉट जोडला असेल तर तोही. दुसरं, आणि इथंच सगळे चुकतात, त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डसुद्धा त्याला टाईप होताना दिसतो. घरातल्या दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून, मोबाईलच्याच नेटवर, आधी ईमेलचा बदला, मग बँकेचा. पासवर्ड बदलून थांबू नका, सगळ्या डिव्हाईसवरून साइन आऊट करा, कारण चोरलेल्या लॉगिन कुकीवर, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या खुणेवर, पासवर्ड न लागता आत जाता येतं. तुमचे मेल गुपचूप दुसरीकडं जात नाहीत ना म्हणून जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी लिंक्ड डिव्हाईस आहे का बघा. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, उद्या बघू म्हणू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच थांबतात.

तपासायचं असेल तर आपोआप सुरू होणारा अनोळखी प्रोग्राम आहे का ते टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपमध्ये आणि टास्क शेड्युलरमध्ये बघा, आणि डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा ॲन्टीव्हायरस) एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे काय तपासायचं नाही त्या यादीत, जाऊन बघाच. आण्णांच्या मशीनवर तिथं अख्खा सी ड्राईव्ह टाकलेला होता, म्हणजे डिफेंडर चालू दिसत होता पण सी ड्राईव्ह तपासतच नव्हता. मग डिफेंडर ऑफलाईन स्कॅन मारा, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण 15 मिनिटं चालतो.

पण माझं ठाम मत, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, ज्या मशीनवर बँकेचं काम होतं ते फॉर्मेटच करा. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून विंडोजचा पेनड्राईव्ह बनवा, ड्राईव्ह पूर्ण पुसून नवीन टाका. जुन्यातून फक्त डेटा घ्या, सेटअप आणि ईएक्सई काही घेऊ नका, घेतलेलं आधी स्कॅन करा. अकाउंटच्या डेटाचा बॅकअप असेल तर हे सगळं निवांत होतं. 2019 च्या पुरानंतर आण्णांनी बॅकअपची हार्डडिस्क घरी वरच्या मजल्यावर ठेवायची सवय लावली होती, ती कॉम्प्युटरला कायम लावून ठेवली नव्हती म्हणून ती स्वच्छ राहिली आणि सगळी खाती तिच्यातूनच परत आली.

नवीन विंडोज टाकलं की रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं वेगळं युजर अकाउंट बनवा, आणि मेल उघडायच्या आधी एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करा. आण्णांच्या मशीनवर मी ते मुनीमजींच्याच हातून करून घेतलं.