मांजर सूड घेत नाही: माऊच्या विचित्र वागण्याबाबत या चुका टाळा

"दोन दिवस गावाला काय गेलो, बोक्याने गादीवर मुतून राग काढला!" मांजर असलेल्या बहुतेक घरांत ही तक्रार कधी ना कधी होतेच. पण मांजर हिशेब चुकता करत नसतं. माणसं गायब, जेवणाची वेळ बदललेली, शेजारी येऊन त्याचा शी-शूचा ट्रे साफ करणार कधी ते ठाऊक नाही, या सगळ्याचा त्याला ताण येतो. अशा वेळी रागावून त्याचं नाक त्या डागावर घासणं ही पहिली चूक. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यापासून लांब राहावं आणि पुढच्या वेळी कपाटामागे जाऊन मुतावं.

ट्रेबाहेरचा हा प्रकार नवीन असेल तर आधी दुखणं नाही ना ते पाहा. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय, थेंबभरच लघवी होतेय किंवा होतच नाही, शूची जागा सारखी चाटतोय, अशी लक्षणं दिसली तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा तूप चाटवत बसतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, तेव्हा सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.

तब्येत ठीक निघाली तर दोष बहुधा ट्रेचा असतो. खडखडणाऱ्या वॉशिंग मशिनला लागून ठेवलेला, आठवड्याने एकदा साफ होणारा, वासाचं लिटर (ट्रेमध्ये पसरायची वाळूसारखी भर) घातलेला ट्रे मांजराने का वापरावा? मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, असा नियम सांगतात. वन रूम किचनमध्ये दोन मांजरांसाठी तीन ट्रे मांडणं अवघडच, पण निदान दोन ठेवा आणि तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच.

आणि फिनाईल! मुतलेल्या जागी आपण सवयीने फिनाईलचा बोळा फिरवतो. फिनॉलवर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि फरशीवर चालून आलेले पंजे ते चाटतच असतं. डागासाठी पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. वास पुरता गेला नाही तर मांजर त्याच जागी परत येतं.

पहाटे चारला घरभर घोडदौड सुरू झाली की आपण वैतागून उठतो आणि गप्प बसावं म्हणून वाटीत खाऊ टाकतो. झालं, दुसऱ्या दिवशी गजर पावणेचारला! मांजर पहाटे आणि संध्याकाळी शिकार करणारा प्राणी आहे, त्या वेळी ते चेकाळणारच. झोपण्याआधी दोरीला बांधलेल्या पिसाशी दमेपर्यंत खेळवा आणि मगच जेवण द्या. नुसत्या लेझरच्या ठिपक्यामागे पळवू नका, हाती काहीच लागत नसल्याने काही मांजरं चिडचिडी होतात.

पोट वर करून लोळणं हे विश्वासाचं लक्षण खरं, पण म्हणून पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले की हात काढा. नाहीतर बोचकारे खाल.

नसबंदी न केलेली मांजरी माजावर आली की रात्रभर ओरडते, जमिनीला घासत लोळते. पोटात दुखतंय असं समजून घरातली पॅरासिटामॉल देण्याचा वेडेपणा कृपा करून करू नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. साधारण पाच महिन्यांच्या आसपास व्हेटशी नसबंदीचं बोलून घ्या.

पाल किंवा उंदीर उशाशी आणून ठेवला तर मांजराला मारू नका, शिकार गुपचूप उचलून टाका. मात्र सोसायटीत उंदरांचं औषध टाकलेलं असेल तर मांजराला काही दिवस आतच ठेवा.

घुरघुर ऐकून निर्धास्त होणं हीसुद्धा चूकच. आजारी, वेदनेतलं मांजरही घुरघुरतं. मिळून-मिसळून राहणारं मांजर अचानक पलंगाखाली लपायला लागलं, खायचं थांबलं, तर "भूक लागली की खाईल" म्हणत थांबू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचू लागते, आणि त्यातून बरं करायला आठवडे लागतात.