ग्राफाईटचा हिरा कसा करतात (मायक्रोवेव्हमधे नाही!)

कोळसा आणि पीनट बटर मायक्रोवेव्हमधे टाकून हिरा काढायचे व्हिडिओ फिरतात ना, त्या शुद्ध थापा आहेत, ओव्हन मात्र नक्की जळेल. गंमत म्हणजे पीनट बटरचा भाग खरा आहे, अमेरिकेतल्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीच्या रॉबर्ट वेंटॉर्फने त्यापासून खरंच हिरा केला होता, पण त्याच्याकडे हाय प्रेशरचं मशीन होतं. त्याच कंपनीत 1954 च्या डिसेंबरमधे ट्रेसी हॉलला हिरा बनवण्यात पहिलं यश आलं होतं. कार्बन कुठूनही आणा हो, सगळं अडतं ते दाबापाशी.

आता कृती. पायरोफिलाईट नावाचा मऊ दगड असतो, त्याचा घनाकृती ठोकळा घ्यायचा, मधे आरपार भोक. त्यात ग्राफाईटची (पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन) नळी बसवायची, हीच आपली शेगडी कारण करंट हिच्यातूनच जातो. आत तळाशी हिऱ्याचा बारीक कण, म्हणजे सीड, त्याच्यावर लोखंड-निकेल नाहीतर लोखंड-कोबाल्ट असा मिश्रधातू, आणि सगळ्यात वर ग्राफाईट पावडर ठासून. धातूत थोडं टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम घाला, ते नायट्रोजन धरून ठेवतं, नाहीतर हिरा पिवळा येतो.

मग सहा बाजूंनी टंगस्टन कार्बाईडचे (हा फार कडक पदार्थ) ॲन्व्हिल, म्हणजे ऐरणीसारखे ठोकळे, दाबायचे, दगड कडेने थोडा पिळून बाहेर येतो आणि फटी आपोआप सील होतात, हे मला फार आवडतं. दाब साधारण 5.5 गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या 50,000 पटीहून जास्त. तो चढला की मगच हीट, 1,350 ते 1,500 डिग्री सेल्सिअस. धातू वितळतो, वरच्या गरम बाजूला कार्बन त्यात विरघळतो आणि खालच्या जरा थंड बाजूला सीडवर बसत जातो, पाकात खडीसाखर धरते तसंच. धातू नसेल तर दुपटीहून जास्त दाब लागतो, तापमानही कितीतरी जास्त. कटिंग टूलची पावडर हवी असेल तर काही मिनिटांत काम होतं पण दागिन्याचा मोठा खडा म्हणजे कित्येक दिवस, आणि तेवढा वेळ दाब, तापमान दोन्ही हलता कामा नये, दाब घसरला की झालेला हिरा परत विरघळायला लागतो.

बंद करताना उलट क्रम बरं का, आधी करंट बंद, गार होऊ द्या, मग दाब हळूहळू उतरवा. ठोकळा फोडून धातूचा गोळा गरम ॲसिडमधे टाकायचा, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक मिक्स, धातू जातो, हिरा राहतो. कधीकधी धातूचे कण खड्याच्या आतच अडकतात, मग तो पॉवरफुल मॅग्नेटकडे चक्क ओढला जातो.