ग्रब बिघडलं, तर दुरुस्तीला बसण्याआधी

सोलापुरात ड्युअल बूटचं मशीन, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेला कॉम्प्युटर, सहसा एकट्या माणसाचं नसतं. विंडोजमध्ये वडिलांचं टॅली, टॉवेल-चादरीच्या जकार्ड डिझाइनच्या फायली आणि पार्ट्यांची बिलं असतात. त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीचं उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि तिचा प्रोजेक्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून अशी मशीनं आणखी दिसू लागली आहेत, कारण विंडोज ११ ला न चालणारा कॉम्प्युटर काढून टाकण्यापेक्षा विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकणं लोकांना परवडतं. बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा प्रोग्राम (इथे ग्रब), बिघडला की दोघांचंही काम एकदम अडतं आणि दुरुस्तीला बसतो एकच जण. दुसऱ्याच्या फायली कुठे आहेत हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. म्हणून पहिली तयारी घरातल्या किंवा कारखान्यातल्या दुसऱ्या माणसाला विचारण्याची: टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, डेस्कटॉपवर काय काय पडलंय, शेवटचा बॅकअप कधी घेतला होता. हे कागदावर उतरवून घ्या. नुसत्या बूटलोडरच्या बिघाडाने फायली जात नाहीत. त्या जातात चुकीच्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) घाईने चालवलेल्या कमांडने.

पडद्यावर जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, पूर्ण पडद्याचा आणि वाचता येईल असा. तोवर कीबोर्डला हात लावू नका. 'ग्रब चालत नाही' असं फोनवर सांगून कुणालाच काही कळत नाही, कारण त्या एका वाक्यात चार-पाच वेगळे आजार बसतात. मेन्यू न येता मशीन थेट विंडोजमध्ये जात असेल, तर लिनक्स बहुधा जागच्या जागी धडधाकट आहे, फक्त बूटचा क्रम बदललाय. 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट आला, तर ग्रबला स्वतःच्या फायलींचं पार्टिशन सापडत नाहीये. यामागचं नेहमीचं कारण म्हणजे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हचं अक्षर नसलेला एक भाग दिसला आणि कुणी तो 'रिकामा' समजून डिलीट केला किंवा शेजारच्या भागात मिसळला. असं झालं असेल तर मशीन तिथेच बंद करा. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल, तर टेस्टडिस्कसारख्या साधनाने पार्टिशन परत मिळण्याची आशा असते. नुसता 'ग्रब' एवढाच प्रॉम्प्ट असेल तर ग्रब चालू झालंय, पण त्याला मेन्यूची फाइल मिळालेली नाही. मेन्यू येतो, लिनक्स चालतं आणि विंडोज निवडलं की निळा पडदा येतो, असं असेल तर ग्रबचा यात दोष नाही. बिघाड विंडोजच्या स्वतःच्या बूट नोंदींत आहे आणि त्याचं औषधही विंडोजच्या पेनड्राइव्हवर आहे.

'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' आणि 'एसबॅट' हे शब्द दिसले, तर तो प्रकार वेगळा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित ठरलेल्या बूटलोडरवर बंदी घालणारी नोंद मशीनमध्ये लिहिली आणि जगभर अनेक ड्युअल बूट मशीनांवर लिनक्स अडकलं. तिथे ग्रब पुन्हा टाकायची घाई करू नये. सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासाचेच बूटलोडर चालू देणारी मशीनची सेटिंग, तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिल या कमांडने ती एसबॅट पॉलिसी (बंदीची नोंद) काढायची, एकदा पुन्हा लिनक्स सुरू करायचं, सगळे अपडेट घ्यायचे आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं. पण सिक्युअर बूटला हात लावण्याआधी पुढची गोष्ट हातात असलीच पाहिजे.

ती म्हणजे बिटलॉकरची, विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की. या यादीतलं काही एकच करायला वेळ असेल, तर हे करा. 'आम्ही बिटलॉकर कधी लावलंच नाही' हे उत्तर पुरेसं नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) आपोआप चालू होतं. मालकाला पत्ता नसतो, कारण रोज लॅपटॉप नेहमीसारखाच उघडतो. मग सिक्युअर बूट बंद केलं, बूटचा क्रम बदलला किंवा बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले जातात. ते नसतील तर डिस्क धड असूनही आतला डेटा कुणालाच उघडता येत नाही, ना दुकानदाराला, ना कंपनीला. की मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या डिव्हाइसच्या नावाखाली सापडते. लॅपटॉप कुणाच्या खात्याने पहिल्यांदा सुरू केला होता ते आठवा. दुकानात सेटअप करताना दुसऱ्याच कुणाचा ईमेल टाकलेला असू शकतो. कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं असेल, तर की त्या संस्थेच्या अॅडमिनकडे असण्याची शक्यता आहे, म्हणून आधी तिथे विचारा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा. आकडे वहीत लिहा, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पडताळायचे. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवण्यात काही अर्थ नाही. विंडोज अजून उघडत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर 'सस्पेंड' करून ठेवणं सर्वांत चांगलं. की कुठेच मिळत नसेल, तर बायॉसमधली एकही सेटिंग बदलू नका.

विंडोज उघडत असताना आणखी एक काम उरकून घ्या: फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि लिनक्स ती ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडतं किंवा उघडतच नाही. अशा वेळी हायबरनेशनची फाइल पुसून ड्राइव्ह जबरदस्तीने उघडण्याचे सल्ले मिळतात. टॅलीचा डेटा असलेल्या ड्राइव्हवर ते करू नये.

आता पेनड्राइव्ह. दोन घ्या, प्रत्येकी निदान ८ जीबीचे. एकात लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं), मशीनमध्ये आहे तेच डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) आणि शक्यतो तीच आवृत्ती. दुसऱ्यात विंडोजचं इन्स्टॉलेशन, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केलेलं. एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय नावाचं साधन टाकून दोन्ही ठेवता येतात, पण सिक्युअर बूट चालू असेल तर त्याची की आधी मशीनमध्ये नोंदवावी लागते आणि बिघडलेल्या मशीनवर आणखी एक नवा प्रश्न नको. मी दोन वेगळेच ठेवायला सांगतो. उबंटू २४.०४ ची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) सहा जीबीच्या आसपास आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरायला वेळ लागतो, म्हणून डाउनलोड आदल्या दिवशीच करा आणि शा-२५६ चा आकडा (फाइल बिनचूक उतरल्याची खूण) जुळतोय का पाहा. मग दोन्ही पेनड्राइव्ह दुसऱ्या चालू मशीनवर बूट करून बघा, इन्स्टॉल काहीही न करता. मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेन्यूची कीबोर्डवरची की लिहून ठेवा: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरलाही एफ१२ असते, पण काही मॉडेलमध्ये ती आधी बायॉसमध्ये चालू करावी लागते.

याच मेन्यूत एक पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा 'यूईएफआय' (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लिहिलेला आणि एकदा नुसता (जुनी, लेगसी पद्धत). निवड तुमच्या इन्स्टॉलेशनशी जुळली पाहिजे. विंडोज यूईएफआय मोडमध्ये टाकलेलं असेल आणि पेनड्राइव्ह जुन्या लेगसी मोडमध्ये बूट केला, तर ग्रब चुकीच्या जागी बसायला जातं आणि कमांड बरोबर असूनही दुरुस्ती लागू पडत नाही. विंडोज चालू असेल तर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायॉस मोड' या ओळीत उत्तर मिळतं. लाइव्ह लिनक्समध्ये सिस या फोल्डरात, फर्मवेअरच्या आत ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा. असेल तर तुम्ही यूईएफआय मोडमध्ये आहात.

लाइव्ह लिनक्स उघडलं की दुरुस्तीआधी बॅकअप घ्या. सुरुवातीच्या कागदावरचे फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा. ड्राइव्ह बिटलॉकरने बंद असेल तर नव्या उबंटूत तीच ४८ आकड्यांची की देऊन ती उघडता येते. कॉपी झाल्यावर दोन-चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. डिझाइनची फाइल तर डिझाइनच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडली पाहिजे, नुसतं नाव आणि साइज दिसून चालत नाही. त्याच बैठकीत डिस्क्सच्या अॅपमधून डिस्कची स्मार्ट तब्येत (डिस्क स्वतःच ठेवते तो बिघाडाचा अहवाल) बघून घ्या. डिस्कच मरायला टेकली असेल, तर ग्रबचा विषय बाजूला ठेवा आणि आधी सगळा डेटा बाहेर काढा.

मग डिस्कचा नकाशा. कुठलं पार्टिशन किती मोठं, त्यावर कुठली फाइल सिस्टिम, त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) काय, हे कागदावर लिहा आणि पडद्याचा फोटोही घ्या. सगळ्यांत महत्त्वाची ओळ एका छोट्या पार्टिशनची: ईएफआय सिस्टिम पार्टिशन, फॅट३२, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीच्या आसपास. विंडोज आणि उबंटू दोघांच्याही बूटच्या फायली त्यातच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. ते फॉरमॅट करा असं कुणीही सांगितलं तरी करू नका. जुन्या डेस्कटॉपला एसएसडी जोडून वेगवान करायची पद्धत आपल्याकडे खूप आहे. त्यात हमखास घडतं ते असं: विंडोज नव्या एसएसडीवर जातं, पण ईएफआय पार्टिशन जुन्या हार्ड डिस्कवरच राहतं. पुढे कधीतरी ती डिस्क कुरकुर करते म्हणून काढली की दोन्ही सिस्टिम एकदम गायब होतात आणि दोष ग्रबवर येतो. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर ईएफआय पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे, हे नकाशात ठळक करा.

डेस्कटॉपची तारीख-वेळही बघा. ती जुन्या एखाद्या वर्षावर गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मेन स्विच बंद झाला की अशा मशीनची बायॉस सेटिंग मूळ पदावर जाते, कधी बूटचा मोड बदलतो, कधी डिस्कचा मोड बदलतो, आणि ते बूटलोडरच्या बिघाडासारखं दिसतं. सेल बदला आणि आधीच्या सेटिंग परत लावा. घड्याळ नेमकं साडेपाच तास पुढे-मागे असेल तर मात्र घाबरू नका. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर धरतं आणि विंडोज स्थानिक वेळेवर, एवढंच ते आहे.

वेळही विचाराने निवडा. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात पारा ४० च्या वर असतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. सकाळी लवकर बसा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि बॅटरी भरून. महिन्याच्या २० तारखेच्या आदल्या रात्री कारखान्याच्या मशीनला हात घालू नका, कारण जीएसटीआर-३बी या मासिक जीएसटी विवरणपत्राची मुदत तीच असते. मुलीची प्रॅक्टिकल परीक्षा असेल तोही आठवडा सोडा. विंडोज चालतंय आणि फक्त मेन्यू येत नाही, तर चार दिवस थांबून काही बिघडत नाही.

एवढं हाताशी आलं की दुरुस्ती कमीत कमी हात लावणाऱ्या उपायापासून सुरू करा. आधी बूट मेन्यू उघडा. त्यात 'उबंटू' नाव दिसतंय आणि निवडल्यावर चालतंय, तर बायॉसमध्ये तो क्रम वर आणला की काम झालं. नाव दिसत नसेल तर लाइव्ह लिनक्समधून ईएफआयबूटएमजीआर या कमांडने नोंदी बघा, गहाळ नोंद तिथून परत घालता येते. ते पुरलं नाही तरच ग्रब पुन्हा बसवा: नकाशातलं लिनक्सचं पार्टिशन माउंट करायचं (वापरासाठी जोडायचं), त्यात ईएफआय पार्टिशन माउंट करायचं, सीएचरूटने त्या बसवलेल्या लिनक्सच्या आत जायचं, ग्रब-इन्स्टॉल आणि मग अपडेट-ग्रब या कमांड चालवायच्या. एका वेळी एकच कमांड, आणि तिचं उत्तर वहीत. बिघाड विंडोजच्या नोंदींत असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही कमांड. व्हिडिओत बूटरेकची 'फिक्स एमबीआर' ही कमांड सांगतात ती लेगसी मशीनसाठी आहे. यूईएफआयवर तिचा उपयोग नाही आणि लेगसी ड्युअल बूटवर ती ग्रबच पुसून टाकते.

ग्रब परत आलं पण मेन्यूत विंडोज नाही, यानेही लोक घाबरतात. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून अपडेट-ग्रब पुन्हा चालवलं की विंडोजची ओळ येते.

मग मशीन पूर्ण बंद करून दोन्ही सिस्टिम एकेकदा सुरू करून बघा. टॅली त्याच्याच माणसाकडून उघडून घ्या आणि प्रोजेक्ट जिचा आहे तिच्याकडून. सिक्युअर बूट बंद केलं असेल तर चालू करा, सस्पेंड केलेलं बिटलॉकर पुन्हा सुरू करा आणि दोन्ही पेनड्राइव्हवर नाव आणि आवृत्ती लिहून ते रिकव्हरी की लिहिलेल्या वहीसोबत कपाटात ठेवा.