पाऱ्याशिवाय सोनं: टाकणखाराची पद्धत

दळलेल्या दगडातलं सोनं पाऱ्याने पकडायचं आणि मग पारा जाळून उडवायचा, ही जुनी रीत. पारा ३५७ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ आधी जाते ती जाळणाऱ्याच्याच फुप्फुसात. म्हणून २०१७ पासून लागू झालेल्या, पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने उघड्यावरचं हे जाळणं बंद करायला सांगितलं. फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांताचे खाणकामगार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पाऱ्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) वापरत आलेत. मी शिकवतो ती पद्धत त्यांचीच.

खरं काम विस्तवावर नाही, पाण्यात आहे. पारा बारीक सोनं गोळा करून द्यायचा, आता ते तुमच्या हातांनी करायचं. दळलेला माल थाळीत घ्या, वर पाणी राहू द्या आणि थाळी आधी आडवीच हलवा, म्हणजे जड कण तळाशी बसतील. मगच ती कलती करून हलकी रेती वाहू द्या. घाई केलीत तर सोनं रेतीबरोबर जाईल. टाकलेली रेती पुन्हा एकदा धुऊन बघा. त्यात पिवळी रेघ दिसली तर हात अजून बसलेला नाही. शेवटी चमचाभर काळा, जड माल उरेल. पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवा, काळी वाळू निघून येईल.

उरलेल्या मालाइतकाच टाकणखार घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून कालवा आणि कागदाच्या पुडीत बांधा. सुटी पूड ठेवलीत तर भात्याचा वारा बारीक सोनं उडवून नेतो. पुडी मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) ठेवून कोळशावर तापवा. टाकणखार आधी वितळतो आणि इतर खनिजांना आपल्यात विरघळवून पातळ काच बनवतो. सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. ते वितळलं की त्या काचेतून खाली उतरून एकत्र येतं. ही काच म्हणजे मळी. ती चिकट वाटली तर आणखी टाकणखार घाला. गार झाल्यावर फोडा, तळाशी मणी सापडेल. मळीही कुटून धुवा, तिच्यात बारके मणी अडकलेले असतात.

तापवताना लसणासारखा वास आला तर लगेच लांब व्हा: मालात आर्सेनिक आहे, असा माल या पद्धतीचा नाही. पूर्वी पारा वापरलेला गाळही मुशीत घालू नका. त्यातला पारा उडेलच. आणि त्या गाळावर सोनं विरघळवणारं सायनाइड तर मुळीच नको. दोन्ही विषं मिळून पाण्यात फार लांबवर जातात.