ठाण्यात 'एस' सापडला तेव्हा

सी या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मला अगदी सोपा प्रोग्राम आला होता. स्टेशनच्या नावात दिलेलं अक्षर शोधा आणि त्याची जागा छापा. मी कळव्याची, म्हणून ट्रान्स-हार्बरची नावं घेतली: ठाणे, वाशी, नेरूळ. इंग्रजीत तिन्ही पाच अक्षरी, म्हणून अ‍ॅरे, म्हणजे अक्षरं ठेवायच्या चौकटींचा तक्ता, केला ३ बाय ५: तीन ओळी, प्रत्येकीत पाच चौकटी. सीमध्ये जागा ० पासून मोजतात. ठाण्यात 'टी' ० वर, 'एच' १ वर, 'ए' २ वर मिळाला. सगळं बरोबर. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ठाण्यात 'एस' शोधायला सांगितला आणि स्क्रीनवर ७ आलं. पाच अक्षरांच्या नावात ७! माझे हातपाय गार पडले.

ही चूक नीट समजून घ्या. सीमध्ये स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, कुठे संपली हे अ‍ॅरेच्या आकारावरून कळत नाही, शेवटच्या नल कॅरेक्टरवरून, म्हणजे 'इथे संपलं' या खुणेवरून कळतं. त्यालाही एक बाइट लागतो, म्हणजे पाच अक्षरांना ६. पाचच दिले तर सी प्लस प्लस या भाषेचा कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा) अडवतो, सीचा अडवत नाही. तो पाच अक्षरं भरतो आणि नल सोडून देतो. अ‍ॅरेच्या ओळी मेमरीत एकामागोमाग असतात. त्यामुळे स्ट्र-सीएचआर, म्हणजे अक्षर शोधणारं सीचं तयार फंक्शन, ठाण्याची ० ते ४ अक्षरं संपवून थेट वाशीत शिरलं: 'व्ही' ५, 'ए' ६, 'एस' ७. लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनवरही भरवसा नको, तेही त्याच नलची वाट बघतं. नावात असलेलीच अक्षरं शोधत राहिलात तर ही चूक जन्मात दिसणार नाही, कारण पहिलं अक्षर मिळताच शोध थांबतो. नसलेलं अक्षर शोधून बघाच.

स्ट्र-सीएचआर जागा नाही, अक्षराचा मेमरीतला पत्ता देतं; त्याला पॉइंटर म्हणतात. त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा केला की जागा मिळते. अक्षर नसेल तर नल पॉइंटर, म्हणजे रिकामा पत्ता, परत येतो. तो वेगळा, नल कॅरेक्टर वेगळं. पॉइंटर तपासल्याशिवाय त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा करू नका. आणि ० ही खरी जागा आहे, 'सापडलं नाही' असा तिचा अर्थ लावू नका.

घाबरू नका, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. पण झेरॉक्सच्या नोट्समधले प्रोग्राम पाठ करून नाही. माझ्या क्लासमध्ये 'लूप पाठ करा, मार्क मिळतील' असं सांगायचे, त्याचा मला आजही राग येतो. मला हे कळलं ते ऐरोलीत नोकरी करणाऱ्या शेजारच्या ताईमुळे. तिने उत्तर सांगितलंच नाही. वहीत १५ चौकटी आखल्या, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता तू स्ट्र-सीएचआर हो, चाल." सहाव्या चौकटीत पेन टेकवलं आणि तिथे वाशीचा 'व्ही' दिसला.

मग ५ चा ६ केला. 'एस'ला नल पॉइंटर आला आणि पहिल्यांदाच 'सापडलं नाही' ही ओळ छापली गेली.