ऑटोमॅटिक गाडीतून आवाज येतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी या चुका टाळा

ऑटोमॅटिक गाडीच्या खालून कसलाही आवाज आला की लोकांचं ठरलेलं, "गिअरबॉक्स गेला वाटतं." मालक म्हणतो, शेजारी म्हणतो आणि गॅरेजवाला तेच धरून खोलायला घेतो. मला याचा खरंच वैताग आलाय, कारण पैसे जातात आणि आवाज तिथंच राहतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज कधी येतो ते न बघता खोलाखोली करणं. माझे दाजी साताऱ्याला असतात, त्यांची सीव्हीटी गाडी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक. चाळीसच्या पुढे गेली की घूंऽऽ असा आवाज, स्पीडबरोबर वाढत जाणारा. गॅरेजवाल्याने सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर ट्रायल मारली आणि सांगितलं गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. दाजींचा मला फोन आला तोवर गिअरबॉक्स उतरून, बेअरिंगं बदलून परत चढलाही होता, अकरा दिवस गाडी उभी, आणि आवाज जसाच्या तसा. म्हटलं दाजी, गाडी घेऊन पुण्याला या, परत जाताना मी बरोबर येतो.

खंबाटकी घाट चढताना काच खाली करून फक्त ऐकत बसलो. उजव्या वळणाला आवाज वाढायचा, डाव्या वळणाला जवळजवळ गायब. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं, म्हणजे दोष डावीकडे. घरी पोचल्यावर पुढची बाजू जॅकवर घेतली, स्टँड लावले, गिअर एनमध्ये म्हणजे न्यूट्रलला, आणि एका हाताने चाक फिरवत दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंगमधून हाताला बारीक खरखर लागत होती, जात्यात खडा आल्यावर खुंट्याला लागते ना, तशी. उजव्या बाजूला काहीच नाही. डावं व्हील बेअरिंग होतं ते. बदलायला एक सकाळ लागली. दाजी काही बोलले नाहीत, नुसतं गिअरबॉक्सचं बिल परत घडी घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं.

तेव्हापासून माझी सवय एकच आहे. आधी गाडी उभी, पीमध्ये म्हणजे पार्कला, हलका रेस. आवाज रेसबरोबर चढला तर इंजिनाकडचं किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचं बघायचं. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासला क्षणभर एन. आरपीएम म्हणजे इंजिनाचे फेरे पडूनही आवाज तोच राहिला तर चाकं, एक्सल, टायर. तेवढंच, उतारावर एनमध्ये गाडी सोडून द्यायची नाही. व्हिडिओ बघून ब्रेक दाबून फुल रेस देणारी पोरं आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, बाबांनो नका करू, काही सेकंदांतच गिअरबॉक्सचं ऑइल बेसुमार तापतं.

एक्सप्रेसवेवर घूं आणि डांबरी रस्त्यावर शांत? काँक्रीटवर टायर वाजतायत, टायर पुढचे मागे करून बघा.

पार्किंगमध्ये स्टिअरिंग फुल वळवून निघताना टकटकटक आलं तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा चाकाजवळचा सांधा. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल, कारण जॉइंटवरचा रबरी बूट (कव्हर) कधीच फाटलेला असतो. बूट फाटल्या फाटल्या बदलला असता तर जॉइंट वाचला असता.

पीमधून डी (पुढे) किंवा आर (रिव्हर्स) टाकताना धक्का आणि 'ठक' आला तर आधी इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग बघा. आणि उतारावर गाडी लावताना आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरून पाय काढा, नाहीतर सगळी गाडी पीच्या छोट्याशा खुंटीवर लटकते आणि काढताना कड्डकन वाजते.

दुसरी गोष्ट ज्याने माझं डोकं फिरतं ती ऑइलची. गिअरबॉक्स कूं करतोय, ऑइल कमी आहे, मग टाका मिळेल ते लाल ऑइल! सीव्हीटीचं ऑइल वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं. सीव्हीटीत धातूचा पट्टा पुलींवर ऑइलच्या साथीनेच पकड धरतो, चुकीचं ऑइल गेलं की पट्टा घसरतो आणि पुलीला ओरखडे पडतात, मग खरोखरच गिअरबॉक्स जातो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड टाका, लेव्हलही त्यात दिलेल्या तापमानालाच बघा. आणि ऑइल कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय, आधी एक्सलची ऑइल सीलं बघा, नुसतं भरून काय होणार?

एएमटीवाल्यांसाठी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर गाडी स्वतः हलवते ती): आपल्याकडे 2014 ला सेलेरिओबरोबर एएमटी आली तेव्हापासून लोक विचारतात, दार उघडलं की घुर्र का करते. क्लच-गिअर हलवणारा पंप प्रेशर बनवतो, दोष नाही तो.

आणि खडी पडलेल्या रस्त्यावरून आल्यावर चाकातून अचानक कर्कश किंचाळी सुरू झाली तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलाय. सावकाश चार-पाच वेळा मागे-पुढे करा, बहुतेक वेळा पडतो, नाहीच पडला तर चाक काढून पत्रा हाताने थोडा ओढायचा.